विधवेचे घर आणि विधवेचे दान

सामान्य काळातील बत्तिसावा रविवार (वर्ष ब)
पहिले वाचन : १ राजे १७:१०-१६
दुसरे वाचन : इब्री ९:२४-२८
शुभवर्तमान : मार्क १२:३८-४४

प्रस्तावना



आजच्या उपासनेत ख्रिस्तसभा आपल्यासमोर दोन विधवा उभ्या करते. पहिली सारफथ गावची. ती इस्राएली नाही, परक्या देशातली आहे. दुष्काळ पडलेला आहे आणि तिच्या मडक्यात मूठभर पीठ उरलेले आहे. दुसरी यरुशलेमच्या मंदिरातली. तिच्या हातात दोन दमड्या आहेत. दोघीही आपल्याजवळ होते तेवढे देऊन टाकतात. एकीच्या घरातले पीठ सरत नाही आणि दुसरीची प्रभू येशू स्वतः साक्ष देतो.

या वाचनांवर आपण बहुतेक वेळा एकच प्रवचन ऐकतो: विधवेने सर्वस्व दिले, तुम्हीही सढळ हाताने द्या. त्यानंतर दानाची पिशवी फिरते. आज आपण एका लहानशा गृहनिधीचा, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नाही अशांसाठी पैसे गोळा करण्याचा विचार करणार आहोत. त्यामुळे हे शुभवर्तमान आज अधिक काळजीपूर्वक ऐकण्याची गरज आहे. यात पैसे देणाऱ्यांसाठी जसा बोध आहे, तसा पैसे गोळा करणाऱ्यांसाठी इशाराही आहे.

सम्यक विवरण

संत मार्क घटना कोणत्या क्रमाने सांगतात ते पाहा. दोन दमड्यांची गोष्ट सुरू होण्याच्या आधी प्रभू येशू शास्त्री लोकांविषयी बोलतो. लांब झगे घालून मिरवणारे, बाजारात नमस्काराची अपेक्षा धरणारे, मेजवानीत मानाच्या जागा शोधणारे हे लोक विधवांची घरे गिळून टाकतात, असे तो सांगतो. त्याच्या पुढच्याच प्रसंगात एक गरीब विधवा येते आणि आपली सगळी उपजीविका मंदिराच्या पेटीत टाकते. त्यानंतर लगेच तेराव्या अध्यायात शिष्य मंदिराचे भव्य दगड पाहून भारावून जातात आणि प्रभू त्यांना सांगतो की यातला एकही दगड दुसऱ्यावर राहणार नाही. इ. स. ७० साली रोमी सैन्याने ते मंदिर खरोखरच जमीनदोस्त केले.

म्हणजे एका बाजूला गिळलेले घर, दुसऱ्या बाजूला कोसळणारे मंदिर आणि मध्ये दोन दमड्या घेऊन उभी असलेली विधवा. प्रभू तिच्या दानाची थोरवी सांगतो, यात शंका नाही. पण ज्या व्यवस्थेने तिला त्या दोन दमड्यांवर आणून ठेवले, त्या व्यवस्थेची तो स्तुती करीत नाही. धर्मशास्त्राप्रमाणे मंदिराने आणि समाजाने विधवेला सांभाळायचे होते. प्रत्यक्षात विधवाच मंदिर सांभाळत होती.

त्या दोन दमड्यांची किंमत किती होती? त्या काळी मजुराला दिवसाला एक दिनार मिळत असे. दोन दमड्या म्हणजे त्या दिनाराचा चौसष्टावा भाग. आज एखाद्या शेतमजुराला पाचशे रुपये रोज मिळतो असे धरले, तर ते जेमतेम आठ रुपये होतात. मंदिराच्या अंगणात तुतारीच्या आकाराच्या तेरा दानपेट्या होत्या, असे जुने यहुदी ग्रंथ सांगतात. श्रीमंतांची नाणी त्यात खणखणत पडत असतील. तिच्या दोन दमड्यांचा आवाज कोणालाच गेला नसेल. पण प्रभू तिथे समोरच बसला होता आणि लोक पैसे कसे टाकतात हे बघत होता. किती टाकतात, यापेक्षा स्वतःसाठी काय उरते याकडे त्याचे लक्ष होते.

आता दुसरे वाचन ऐका. ख्रिस्त हाताने बांधलेल्या पवित्रस्थानात गेला नाही, तर प्रत्यक्ष स्वर्गात गेला, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते. याचा सरळ अर्थ असा की आपण देवाला घर बांधून देण्याची त्याला गरज नाही. हाताने बांधलेल्या घराची गरज माणसाला आहे. पावसात भिजतो तो माणूस. थंडीत कुडकुडते ते त्याचे लेकरू.

मनन चिंतन

प्रिय भाविकांनो, विधवांची घरे गिळण्याचे दिवस संपले आहेत काय? नवऱ्याच्या मृत्यूनंतर दिराच्या किंवा पुतण्याच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर अंगठा उठवणारी बाई आपल्या खेड्यापाड्यांत अजूनही भेटते. ‘वैनी, नाव कुणाचंही असू दे, घर तुमचंच हाय,’ असे तिला सांगितले जाते. पुढे दहा वर्षांनी भिंत पडते. सरकारी घरकुलासाठी अर्ज करायला ती ग्रामपंचायतीत जाते तेव्हा आठ-अ च्या उताऱ्यावर तिचे नावच सापडत नाही. नाव नाही म्हणून जागा नाही आणि जागा नाही म्हणून घरकुल नाही.

आपणा ख्रिस्ती लोकांना महाराष्ट्रात भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे. पती मृत्युपत्र न करता वारला आणि मागे मुले असतील, तर मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्सा विधवेचा असतो. उरलेला दोन तृतीयांश मुलगे आणि मुली यांच्यात सारखा वाटला जातो. हे किती कुटुंबांना ठाऊक आहे? गृहनिधीचे काम पैशांपासून सुरू होत नाही, ते इथून सुरू होते. एखाद्या विधवेला तिच्या कागदावर तिचे नाव लावून देणे हेही घर बांधून देण्यासारखेच पुण्यकर्म आहे, आणि त्याला खर्चही फारसा येत नाही.

कोणी म्हणेल, सरकारच्या घरकुल योजना आहेत, मग वेगळ्या निधीची गरज काय? योजना आहेत आणि त्यांनी पुष्कळ लोकांना आधार दिला आहे. १९८५ साली इंदिरा आवास योजना आली. तिच्या जागी २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली, तेव्हा सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरले. पण हे पैसे एकदम हातात येत नाहीत. बांधकाम जसे वर चढेल तसे ते हप्त्याहप्त्याने खात्यात जमा होतात. हातावर पोट असणाऱ्या माणसाची अडचण इथेच होते. हप्ता यायला उशीर झाला तर गवंडी दुसरीकडे जातो. भिंत अर्धी राहते. सावकाराचे कर्ज अंगावर येते.

आपल्या आजरा तालुक्यात याला पावसाची जोड आहे. आपल्याकडचा पाऊस काय असतो ते कोणाला सांगायला नको. बांधकाम करायचे ते सुगी आटोपल्यावर, आणि मिरगाच्या आत घरावर छप्पर चढले पाहिजे. ते राहिले, तर उघडी मातीची भिंत एका पावसाळ्यात खाली बसते आणि घातलेला पैसाही चिखलात जातो. म्हणून जानेवारीत वेळेवर मिळालेले वीस हजार रुपये जूनमध्ये मिळालेल्या पन्नास हजारांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. लहान निधीचे काम हेच आहे. तो सरकारची जागा घेणार नाही. मोठ्या योजनेत जी फट राहते तेवढी तो बुजवील: अडकलेला हप्ता, कमी पडलेली कौले, गवंड्याची मजुरी, कागदपत्रांचा खर्च.

दुसरे असे की मोठी आपत्ती आली की आपले मन हेलावते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जड दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. त्या वेळी सगळ्या देशातून मदत आली. ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्याने महापूर पाहिला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाहिला. तेव्हाही कपड्यांचे आणि धान्याचे ट्रक आले. पण एखाद्या वाडीत एकाच म्हातारीची भिंत पडते, तेव्हा तिथे ट्रक येत नाही आणि वर्तमानपत्रात बातमी येत नाही. तिच्यासाठी शेजारीच धावला पाहिजे. लहान निधी म्हणजे संघटित शेजारधर्म होय.

बोधकथा

एक : तेरा लहान घरे. संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या काळी पॅरिस शहरात नको असलेली तान्ही बाळे रस्त्यावर टाकून दिली जात. १६४३ साली फ्रान्सचा राजा तेरावा लुई वारला. त्याने मागे ठेवलेल्या देणगीतून संत व्हिन्सेंट यांनी राजवाड्यासारखी एक मोठी इमारत उभारली नाही. त्यांनी आपल्या मठाजवळ तेरा लहान घरे बांधली आणि तिथे त्या बाळांचा सांभाळ होऊ लागला. त्यांच्या नावाने काम करणाऱ्या जगभरच्या संस्थांनी २०१८ साली बेघरांसाठी मोहीम सुरू केली, तेव्हा तिला ‘तेरा घरे’ हेच नाव दिले.

त्याच संताच्या नावाने १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मोजक्या मित्रांसह एक संघ सुरू केला. आज अनेक धर्मग्रामांत संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी काम करते ती हीच. तिच्या दोन रीती आपण शिकण्यासारख्या आहेत. पहिली रीत म्हणजे गृहभेट: गरजू माणसाला दारात बोलवायचे नाही, आपण त्याच्या घरी जायचे. दुसरी म्हणजे गुप्त दान. सभेच्या शेवटी एक पिशवी फिरते. कोणी किती टाकले हे कोणालाच कळत नाही, आणि कोणी काही टाकले नाही हेही कळत नाही. १९९७ साली संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी ओझानाम यांना धन्यवादित घोषित केले.

दोन : पोप महोदयांची मोटार. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ख्रिस्तशरीर महासंमेलन भरले होते. त्यासाठी संत पोप सहावे पौल भारतात आले. त्यांच्या प्रवासासाठी अमेरिकेतील लोकांनी एक उंची पांढरी मोटार भेट दिली होती. परत जाताना पोप महोदयांनी ती मदर तेरेसांना दिली. मदर त्या मोटारीत कधी बसल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली आणि तिकिटांचे पैसे कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी लावले. बंगालमध्ये आसनसोलजवळची शांतीनगर ही ती वसाहत. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले होते, त्यांना तिथे राहण्यासाठी घरे आणि हाताला काम मिळाले. आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर दिलेली एक मोटार अशी शेकडो कोस दूर भिंती आणि छप्पर झाली.

तीन : मूठभर धान्य. सगळ्यांकडे मोटार नसते. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच जिल्ह्यातले. त्यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे झाला. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची गरीब मुले एका छपराखाली राहत आणि एका पंगतीत जेवत. या मुलांच्या पोटासाठी त्यांनी मुष्टिफंड काढला. घरोघरच्या बायका दळणातले, रांधपातले मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत आणि ते गोळा होऊन वसतिगृहाच्या चुलीवर शिजे. धान्य कमी पडले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. त्या जैन कुटुंबातल्या होत्या. पण आजच्या शुभवर्तमानातली विधवा आणि लक्ष्मीबाई या एकमेकींना ओळखतील, असे वाटल्यावाचून राहत नाही.

हीच प्रथा मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० पासून चालवली आहे. प्रत्येक वेळी भात शिजवताना एक मूठ तांदूळ देवकार्यासाठी वेगळा काढायचा. त्या मुठींवर त्यांच्या ख्रिस्तमंडळीची किती कामे उभी राहिली आहेत! आपण तर घनसाळ पिकवणारे लोक. आपल्याकडच्या मुठीचा सुगंध दूरवर जातो.

आचरण

बंधू-भगिनींनो, असा एक लहान गृहनिधी आपल्या धर्मग्रामातही उभा राहू शकतो. पण तो देवाला आवडेल असा व्हायचा असेल, तर काही गोष्टी सुरुवातीलाच मनाशी ठरवल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, घरटी ठरावीक वर्गणी नको. ‘प्रत्येक घराने पाचशे द्यायचे’ असे म्हटले की ते न्यायाचे वाटते, पण तसे ते नसते. पक्क्या घरातल्या नोकरदाराला पाचशे रुपये जाणवत नाहीत आणि रोजगारावर जाणाऱ्या बाईचा त्यात पूर्ण दिवस जातो. मग तीही लोकलाजेस्तव उसने काढून देते. आपण घर बांधण्यासाठी निघालो आणि वाटेत एका विधवेचे घर थोडे कुरतडले, असे होऊ नये. संत पौलाने यरुशलेममधील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा त्याने करिंथकरांना लिहिले की ज्याच्याजवळ जे आहे त्यातून द्यावे, नाही त्यातून नव्हे. बंद पाकिटातून, मनापासून, कुरकुर न करता. पाकिटावर नाव नको आणि देणाऱ्यांच्या नावांचा फलकही नको.

दुसरी गोष्ट, हिशेब उघडा असावा. त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात संत पौल सांगतो की या पैशांबाबत कोणी आपल्यावर बोट ठेवू नये म्हणून त्याने तीतासोबत ख्रिस्तमंडळ्यांमध्ये नाव असलेले आणखी दोन बंधू पाठवले. देवासमोर स्वच्छ असणे त्याला पुरेसे वाटले नाही. माणसांसमोरही स्वच्छ दिसले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. प्रेषिताला जर साक्षीदारांची गरज वाटली, तर आपल्याला का वाटू नये? प्रत्येक रुपयाची पावती, बँकेत दोघांच्या सहीने चालणारे खाते आणि दर तीन महिन्यांनी चर्चच्या दारात लावलेला जमाखर्च, एवढे हवेच. निधी वाढला तर नोंदणीकृत न्यासामार्फतच तो चालावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० प्रमाणे न्यासाला दरवर्षी हिशेब ठेवून तपासून घ्यावे लागतात. याला कोणी अविश्वास समजू नये. जो हिशेब मागतो तो निधीचा मित्रच असतो.

तिसरी गोष्ट, हात पसरायला लावू नये. घर कोणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी आपण गृहभेटीला जावे, अर्ज घेऊन लोकांना कचेरीच्या पायऱ्या चढायला लावू नये. मदत घेणाऱ्याचा फोटो काढून छापू नये. घर कसे हवे हे त्या घरात राहणाऱ्या बाईला विचारावे: चूल कुठे, पाणी कुठे, जनावर कुठे बांधणार. आणि घराच्या कागदावर तिचेही नाव असावे.

चौथी गोष्ट, परतफेड आणि श्रम. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील कोइनोनिया या ख्रिस्ती शेतवसाहतीत १९६८ साली एक निधी सुरू झाला. त्यातून गरिबांना बिनव्याजी घर मिळे. घरमालक स्वतः बांधकामावर राबे आणि जमेल तसे हप्ते फेडी. त्या हप्त्यांतून पुढच्याचे घर उभे राही. त्यातूनच १९७६ साली ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था जन्मली आणि १९८३ पासून ती भारतातही घरे बांधते. ज्याला फेडता येते त्याने थोडे थोडे फेडावे, म्हणजे त्याचा स्वाभिमान राहतो आणि मडक्यातले पीठही सरत नाही. ज्या म्हातारीला फेडता येणार नाही, तिच्याकडून मात्र काही मागू नये. आणि ज्या तरुणांच्या खिशात पैसे नाहीत, त्यांच्या अंगात बळ आहे. चिरे वाहायला, माती उपसायला, कौले चढवायला रविवारच्या मिस्सानंतरचे चार तास पुष्कळ होतात.

पाचवी गोष्ट, धर्म आणि जात विचारू नये. एलिया संदेष्टा उपाशी होता तेव्हा देवाने त्याला परधर्मी विधवेच्या दारात पाठवले. तिने त्याला भाकर दिली आणि पुढे आपल्या घराच्या माडीवर राहायलाही जागा दिली. देवाच्या माणसाला परक्या बाईच्या छपराखाली आसरा मिळाला असेल, तर आपल्या निधीने कोणत्या तोंडाने विचारावे की तू कोणाचा?

पुढच्या रविवारी ख्रिस्तसभा गरिबांचा जागतिक दिन पाळते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तो जाहीर केला आणि २०१७ साली तो पहिल्यांदा पाळला गेला. त्या दिवसापर्यंत आपण प्रत्येकाने एवढेच करावे: आपल्या वाडीत, आपल्या गल्लीत कोणाचे घर गळते, कोणाची भिंत ओली आहे, हे डोळे उघडून पाहावे. पाकिटात काय घालायचे ते त्यानंतर ठरवावे. ज्याने ते घर पाहिले त्याला किती द्यावे हे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

प्रभू आजही दानपेटीसमोर बसलेला आहे. आपण काय टाकतो हे तो पाहतोच, आणि त्या पेटीतून पैसे कोणाच्या घरी जातात हेही पाहतो. पेटी विधवेकडून भरली जाते की विधवेच्या घरासाठी रिकामी होते, एवढाच प्रश्न तो आपल्याला विचारील. त्याचे खरे उत्तर देण्याची कृपा तो आपणा सर्वांना देवो. आमेन.

विश्वासू लोकांच्या प्रार्थना

प्रतिसाद : हे दयाळू प्रभो, आमची विनवणी ऐकून घे.

१. आपले परमगुरुस्वामी, महागुरुस्वामी, सर्व धर्मगुरू व धर्मभगिनी यांनी साधेपणाने जगून गरिबांच्या बाजूने उभे राहावे, म्हणून आपण प्रार्थना करूया.

२. घर नसलेले, भाड्याच्या खोलीतून हुसकावलेले, धरणामुळे किंवा पुरामुळे गाव सोडावे लागलेले अशा सर्वांना हक्काचा निवारा मिळावा, म्हणून आपण प्रार्थना करूया.

३. आपल्या तालुक्यातील विधवा माता-भगिनींना त्यांचा वाटा सन्मानाने मिळावा आणि त्यांच्या नातेवाइकांना न्यायबुद्धी लाभावी, म्हणून आपण प्रार्थना करूया.

४. गवंडी, सुतार, खाणीत चिरे काढणारे मजूर, जे दुसऱ्यांची घरे बांधतात, त्यांचीही घरे उभी राहावीत, म्हणून आपण प्रार्थना करूया.

५. नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना आहे. ज्यांनी कष्टाने बांधलेल्या घरांत आज आपण राहतो, त्या आपल्या पूर्वजांना पित्याच्या घरी चिरविश्रांती लाभावी, म्हणून आपण प्रार्थना करूया.

६. आता थोडा वेळ शांत राहून आपण आपल्या वैयक्तिक आणि कौटुंबिक गरजा प्रभूचरणी ठेवूया.